नावे, संख्या आणि रस्ता : चिनी नगरांच्या वर्णनांतील प्रवासी आणि दैनंदिन जीवन

१

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत रस्त्याला फारसे स्थान मिळालेले नाही. राजवाडे, देवळे, निसर्गस्थळे आणि थोरामोठ्यांच्या भेटी हा प्रवासवर्णनाचा आशय. दुकानांच्या रांगा, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, उकळत्या कढया आणि गर्दीतली ढकलाढकल ही त्या आशयाची पार्श्वभूमी, अशी वाटणी वाचकाने आणि समीक्षकाने जवळजवळ गृहीत धरलेली असते. सामाजिक इतिहासाने मात्र गेल्या काही दशकांत ही उतरंड बदलली. ज्या लोकांनी स्वतः काहीच लिहून ठेवले नाही, त्यांच्या जगण्याचा पुरावा शोधताना इतिहासकाराला प्रवाशाने जाता जाता टिपलेल्या तपशिलाकडे वळावे लागले. त्यामुळे एक वाङ्मयीन प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनेही निकडीचा झाला आहे. परक्या रस्त्याकडे पाहणारा एकटा प्रवासी नेमके काय पाहतो, आणि ज्या रूपबंधात तो ते मांडतो, तो रूपबंध काय दाखवतो व काय झाकतो?

चिनी नगरे हे या प्रश्नाच्या तपासणीचे उत्तम क्षेत्र आहे. एकाच नगराच्या रस्त्याविषयी तेथल्याच रहिवाशाने आणि परक्या प्रवाशाने जवळपास एकाच काळात लिहिलेले मजकूर चीनच्या बाबतीत उपलब्ध आहेत. ते शेजारी शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोघेही यादी करतात. रस्ता हा मुळात कथेपेक्षा यादीला जवळचा असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. परंतु या याद्या एका जातीच्या नाहीत. रहिवाशाच्या यादीत नावे असतात. प्रवाशाच्या यादीत संख्या आणि प्रकार असतात. या फरकाचा अर्थ लावणे आणि तो फरक कोठे पुसला जातो ते पाहणे, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे.

२

इ. स. ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांच्या हाती उत्तर सोंग राजवटीची राजधानी काइफंग पूर्णपणे गेली आणि नगरातील असंख्य माणसे दक्षिणेकडे पांगली. मंग युआनलाओ हा त्यांपैकी एक. ११०३ मध्ये तो वडिलांबरोबर काइफंगला आला होता आणि जवळजवळ दोन तपे त्याने तेथे काढली होती. दक्षिणेत, उतारवयात, त्याने गमावलेल्या नगराच्या आठवणींचे ‘दोंगजिंग मंगह्वा लू’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या प्रस्तावनेवर ११४७ हे वर्ष आहे. ग्रंथनामातील स्वप्नाचा उल्लेख प्राचीन पीतसम्राटाच्या कथेकडे निर्देश करतो. झोपेत एक सुखी देश पाहून जागा झालेला तो सम्राट आणि दक्षिणेत जागा झालेला हा निर्वासित, यांच्यातले साम्य लेखकाला अभिप्रेत आहे.

या पुस्तकात राजदरबाराचे सोहळे आहेत. पण त्याचा जिवंत भाग रस्त्याचा आहे. पुलाजवळचा रात्रीचा बाजार, मध्यरात्रीपर्यंत चालून पहाटे पुन्हा उघडणारी दुकाने, ऋतूनुसार बदलणारे खाद्यपदार्थ, खेळ करणारे, गोष्टी सांगणारे, बाहुल्या नाचवणारे, हे सारे पेठ, वळण, दिशा यांसह येते. कोणते दुकान कोणत्या वेशीच्या आत, कोणत्या खानावळीच्या पूर्वेस, हे लेखक सांगतो. दुकानांची नावे सांगतो, कलावंतांचीही सांगतो. आपली भाषा साधी आणि अनलंकृत ठेवली आहे, ती थोरालहानांना सारखीच कळावी म्हणून, असा खुलासा त्याने प्रस्तावनेत केला आहे. अभिजात चिनी गद्याच्या परंपरेत अशा खुलाशाची गरज पडावी, यातच या विषयाचे वेगळेपण आहे. रस्ता हा लिहिण्याचा विषय नव्हता. तो विषय झाला, कारण तो हरवला.

मंग काइफंगमध्ये राहत असताना त्याने हे पुस्तक लिहिले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दैनंदिन जीवन जगताना दिसत नाही. ज्या वळणावरून रोज जायचे, त्या वळणाचे वर्णन कोणी करीत नाही. दैनंदिनाला लेखनात येण्यासाठी अंतर लागते. रहिवाशाला ते अंतर हानीतून मिळते. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळल्यानंतर जांग दाई याने हांगचौच्या आठवणी लिहिल्या, त्यामागेही हेच अंतर आहे. पश्चिम सरोवराकाठी चंद्र पाहायला जमलेल्या लोकांचे त्याने पाच प्रकार केले आहेत. चंद्रापेक्षा चंद्र पाहणारी गर्दीच पाहण्याजोगी आहे, हे त्याला सारे काही संपल्यावर उमगते.

प्रवाशाला हेच अंतर आयते मिळते. त्याला रस्ता हरवावा लागत नाही, कारण तो त्याचा कधी नव्हताच. त्यामुळे नवखेपणा आणि निर्वासितपण या दोन अगदी विरुद्ध अवस्था लेखनात एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. हांगचौ हे याचे ठळक उदाहरण आहे. दक्षिण सोंग राजवटीची ही राजधानी १२७६ मध्ये मंगोलांच्या हाती गेली. त्यानंतर जोउ मी या विद्वानाने ‘वूलिन जिउश’ या ग्रंथात तिच्या आठवणी संकलित केल्या. याच सुमारास कुब्लाई खानाच्या सेवेत असलेल्या मार्को पोलोने हे नगर पाहिले. आपली हकीकत त्याने पुढे १२९८ मध्ये जिनोव्हाच्या तुरुंगात रुस्तिकेल्लो या लेखकाला सांगितली. एक नगर, एकच पिढी. एक लेखक पराभूतांपैकी, दुसरा जेत्यांच्या चाकरीतला.

जोउ मी याच्या ग्रंथात रस्त्यावरच्या आणि रंगभूमीवरच्या कलावंतांच्या याद्या आहेत. कथेकरी, सोंगाडे, कुस्तीगीर, जादूगार असे वर्ग पाडून त्याने प्रत्येक वर्गाखाली माणसांची नावे दिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांविषयी या नावापलीकडे काहीही उरलेले नाही. वाचताना ही यादी कंटाळवाणी वाटते. पण ती एका अर्थाने स्मृतिशिला आहे. पोलोच्या हकिकतीत मात्र बारा हजार पूल आहेत. सोळाव्या शतकात रामूस्यो याने छापलेल्या पाठात दहा मोठे बाजारचौक आहेत, आठवड्यातून तीनदा त्या चौकांत जमणारी चाळीस-पन्नास हजार माणसे आहेत, आतून पांढरी असलेली दहा-दहा पौंडांची नासपती आहे. नगरात रोज मिरीचे ४३ भार खपतात, असे तो सांगतो. हा आकडा त्याला खानाच्या जकात अधिकाऱ्याने दिला होता. पोलोचे डोळे येथे कोणाच्या बाजूने पाहत आहेत, हे या एका तपशिलातून कळते. जिंकलेल्या नगराचे उत्पन्न मोजणाऱ्या यंत्रणेच्या बाजूने तो पाहतो, आणि यंत्रणेला माणसांची नावे लागत नाहीत, भार लागतात.

पोलो चीनला खरोखर गेला होता का, या वादाला फ्रान्सिस वुड यांच्या १९९५ मधील पुस्तकाने नव्याने तोंड फोडले. चहा, स्त्रियांचे बांधलेले पाय, प्रचंड भिंत यांचा उल्लेख त्याने का केला नाही, असा तो आक्षेप होता. कागदी चलन आणि मिठाचा कर यांविषयीची त्याची माहिती इतकी नेमकी आहे की बहुतेक अभ्यासक आज त्याचा प्रवास खरा मानतात. परंतु हा वाद ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीतही तपासले पाहिजे. प्रवाशाने सर्व काही पाहिलेच पाहिजे, अशी अपेक्षा त्यात आहे. प्रत्यक्षात प्रवाशाची नजर त्याच्या कामाने आखलेली असते. पोलोच्या यादीतले मौन हा त्याच्या खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. तो त्याच्या स्थानाचा पुरावा आहे.

३

येथवर प्रवासी पाहतो आणि रस्ता पाहिला जातो, असेच आपण मानले. इब्न बतूताच्या वृत्तांतात हा क्रम उलटतो. मुहंमद तुघलकाचा वकील म्हणून १३४२ च्या सुमारास तो दिल्लीहून चीनकडे निघाला. वाटेत त्याने दौलताबाद पाहिले आणि तेथील गायक-गायिकांच्या पेठेचे, तिच्यातल्या सजवलेल्या दुकानांचे रसिकतेने वर्णन केले. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळाने त्याचे शिष्टमंडळ उधळले. अखेरीस तो चीनला पोचला तो शाही लवाजम्याशिवाय, १३४५–४६ च्या सुमारास.

दौलताबादच्या बाजारात रमलेला हा माणूस चीनमध्ये घराबाहेर पडायला नाखूश आहे. देश सुंदर, सुरक्षित आणि सुबत्तेचा आहे, येथे रेशीम इतके आहे की गरीबही ते वापरतात, हे तो मान्य करतो. पण परधर्मीयांच्या चालीरीती पाहून त्याला त्रास होतो आणि गरजेपुरतेच तो बाहेर जातो. कोणी मुसलमान भेटला की घरचे माणूस भेटल्यासारखे त्याला वाटते. दौलताबादेत सत्ता त्याच्या धर्माची होती आणि दरबारी भाषा त्याच्या परिचयाची होती. तेथे तो रस्त्यावर घरच्यासारखा वावरू शकला. म्हणजे रस्ता सर्वांना सारखा खुला नसतो. कुतूहलालाही एक आधार लागतो.

तरीही चिनी रस्त्याविषयीचा एक विलक्षण प्रसंग त्याच्याच वृत्तांतात आहे. चित्रकारांच्या बाजारातून तो सोबत्यांसह राजवाड्याकडे गेला. सर्वांच्या अंगावर इराकी पद्धतीचा पोशाख होता. संध्याकाळी त्याच वाटेने परतताना त्याला भिंतीवर कागदावर काढलेली आपली आणि सोबत्यांची हुबेहूब चित्रे चिकटवलेली दिसली. परदेशी माणूस काही गुन्हा करून पळाला तर त्याचे चित्र सर्वत्र पाठवून त्याला शोधता यावे, म्हणून ही व्यवस्था होती, असे तो सांगतो. प्रवासी सकाळी रस्ता पाहत गेला. संध्याकाळपर्यंत रस्त्याने त्याचीच नोंद करून ठेवली होती. प्रवासवर्णनाच्या इतिहासात निरीक्षकाला आपण निरीक्षणाचा विषय आहोत हे इतक्या स्पष्टपणे कळण्याचे क्षण थोडे आहेत.

प्रकार पाडण्याची ही क्रिया रस्त्यालाही येते, याचे एक उदाहरण भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत शीख पोलीस नेमलेले होते. त्यांच्या पगडीवरून शांघायच्या रस्त्याने त्यांना ‘होंगथोऊ आसान’, म्हणजे तांबड्या डोक्याचा आसान, असे हिणकस नाव पाडले. साम्राज्याच्या सेवेत उभा असलेला हा भारतीय चिनी मजुराच्या नजरेत एक प्रकार होता, व्यक्ती नव्हता. पोलोच्या दहा बाजारचौकांतल्या चाळीस हजार माणसांची जणू ही परतफेड होती.

४

‘एकटा प्रवासी’ ही कल्पना आधुनिक आहे, आणि ती बरीचशी भ्रामकही आहे. इझाबेला बर्ड हिच्या प्रवासात ही गोष्ट स्पष्ट होते. १८३१ मध्ये जन्मलेली ही इंग्रज बाई १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री-सभासदांपैकी एक झाली. १८९६ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ती यांगत्सेच्या खोऱ्यातून सच्वानमध्ये गेली. या प्रवासावरचे तिचे पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवासाच्या बऱ्याच भागात बरोबर एकही युरोपीय नव्हता, म्हणून ती एकटी. पण बे-दियन नावाचा इंग्रजी जाणणारा नोकर होता, खुर्ची वाहणारे भोई होते, सामान वाहणारे हमाल होते. नदीतल्या प्रवासात नाव दोराने ओढणारे लोक होते. वृत्तांतातला एकटेपणा अशा अनेक खांद्यांवर उभा होता. दोर ओढणाऱ्यांच्या कष्टांविषयी बर्डने सहानुभूतीने लिहिले आहे. भोयांच्या चांगल्या स्वभावाची तिने स्तुती केली आहे. पण बे-दियनचे नाव येते तसे भोयांचे येत नाही. ते बहुतेक ठिकाणी भोई म्हणूनच येतात.

बर्डने चिनी पोशाख केला होता. पण ती उघड्या खुर्चीत बसून जात असे. प्रतिष्ठित स्त्रीने पडदा लावलेल्या मेण्यातून जावे, हा तेथला संकेत. पोशाखाने ती रस्त्याच्या आत शिरू पाहत होती आणि खुर्चीने ती त्याच्या बाहेर पडत होती. ल्यांगशान या गावात तिच्यामागे जमाव लागला. परकी सैतान, मुले खाणारी, अशा आरोळ्या उठल्या. तिने धर्मशाळेच्या खोलीत दार अडवून आश्रय घेतला. बाहेरच्यांनी दार फोडण्याचा आणि आग लावण्याचा प्रयत्न केला. शेवटी सैनिक आल्यावर जमाव पांगला. पुढे आणखी एका ठिकाणी डोक्याला दगड लागून ती बेशुद्ध पडली.

हे प्रसंग केवळ शौर्यकथा म्हणून वाचणे सोपे आहे आणि तिच्या इंग्रज वाचकांनी ते तसेच वाचले असणार. परंतु त्या जमावाला स्वतःचा इतिहास होता. अफूयुद्धांनंतरचे तह, मिशनऱ्यांना मिळालेले संरक्षण, १८९४–९५ च्या युद्धात जपानकडून झालेला पराभव, या साऱ्यांतून परक्यांविषयीची भीती साचत आली होती. चारच वर्षांनी, १९०० मध्ये, उत्तरेकडे बॉक्सर उठाव भडकला. बर्डच्या पुस्तकात जमाव हा एक प्रकार आहे. इतिहासकाराला तो एक वाक्य बोलताना ऐकू येतो. म्हणून अशा मजकुराचे वाचन दुहेरी करावे लागते. प्रवासी जे सांगतो ते, आणि प्रवाशाला जे घडते ते. दुसऱ्या भागात त्याचे नियंत्रण सुटलेले असते, आणि तेथेच रस्ता स्वतः बोलतो.

५

परकेपणाचा आणखी एक प्रकार आहे तो वाचनातून आलेला. जपानी कथाकार अकुतागावा र्युनोसुके मार्च १९२१ मध्ये ‘ओसाका मैनिची’ या वृत्तपत्राचा प्रतिनिधी म्हणून शांघायला उतरला. चिनी अभिजात साहित्य त्याच्या मनात मुरलेले होते. उतरल्या उतरल्या त्याला हातरिक्षावाल्यांनी घेरले, आणि थोड्याच दिवसांत फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन तो रुग्णालयात पडला. बरा होऊन तो जुन्या शहरातले तळ्याकाठचे प्रसिद्ध चहाघर पाहायला गेला, तेव्हा तळ्याच्या काठी एक माणूस निवांतपणे लघवी करीत उभा होता. काव्यातला चीन आणि समोरचा चीन यांत आता काही नाते उरले नाही, असा निष्कर्ष अकुतागावाने त्या दृश्यातून काढला.

हा निष्कर्ष चमकदार आहे. पण तो रस्त्याविषयी कमी आणि वाचकाविषयी जास्त सांगतो. ज्याने ग्रंथांतून एक देश उभारला, त्याला प्रत्यक्ष रस्ता हा पाठभेद वाटतो, आणि पाठभेद म्हणजे अपभ्रंश असे तो धरून चालतो. वसाहतीच्या काळात युरोपीय पंडितांनी भारताविषयी जे केले त्याच्याशी ही वृत्ती जुळते. मात्र अकुतागावापाशी एक साधन होते, जे बर्डपाशी नव्हते. त्याला चिनी लिपी वाचता येत होती. सूचौजवळच्या थ्येनफिंग डोंगरावरील देवळात त्याला भिंतींवर जपानविरोधी मजकूर लिहिलेला दिसला आणि तो त्याने उतरवून घेतला. १९१५ मधील जपानच्या एकवीस मागण्या आणि १९१९ चे चार मेचे आंदोलन यांनंतरची ती भिंत होती. तेथे त्याच्या प्रवासवर्णनाचा सूर क्षणभर बदलतो. ज्या देशाला तो भूतकाळात शोधत होता, त्या देशाने वर्तमानकाळात, त्याला वाचता येईल अशा अक्षरांत, त्याच्याशी संवाद केला होता. इब्न बतूताला भिंतीवर आपला चेहरा दिसला. अकुतागावाला आपल्या राष्ट्राचा.

हातरिक्षावाल्यांच्या ज्या घोळक्याने अकुतागावाला घेरले, त्या घोळक्याच्या आतून लिहिलेला मजकूर पुढे पंधरा वर्षांनी आला. लाओ श याची ‘ल्वोथ्वो श्यांगज’ ही कादंबरी १९३६–३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९९ मध्ये पेकिंगमध्ये जन्मलेल्या या लेखकाने १९२४ ते १९२९ ही वर्षे लंडनमध्ये अध्यापन करण्यात घालवली होती, आणि पेकिंगचा रस्ता त्याने ही कादंबरी लिहिताना दुसऱ्याच शहरातून आठवला होता. येथेही अंतर आहेच. कादंबरीच्या आरंभी लाओ श एखाद्या प्रवाशासारखाच प्रकार पाडतो: तरणे आणि म्हातारे रिक्षावाले, स्वतःची रिक्षा असलेले आणि भाड्याने घेणारे, परदेशी वकिलातींच्या भागात धावणारे आणि शहराच्या वेशीबाहेर धावणारे. ही वर्गवारी पुरी झाल्यावर मग तो त्या वर्गवारीत आपल्या माणसाची जागा दाखवतो आणि त्याचे नाव घेतो. श्यांगज.

प्रकाराकडून नावाकडे जाणारी ही पायरी म्हणजे प्रवासवर्णन आणि कादंबरी यांच्यातली सीमा आहे, असे म्हणता येईल. प्रवासी रिक्षात बसतो तेव्हा त्याला ओढणाऱ्याची पाठ दिसते. रस्ता त्या पाठीच्या पलीकडे सुरू होतो. श्यांगजला रस्ता तळपायांनी कळतो: कोठे चढ आहे, कोठे बर्फ गोठले आहे, कोणत्या फाटकातून सैनिक रिक्षा हिसकावून नेतील. एकाच रस्त्याचे हे दोन पाठ आहेत, आणि एकाने दुसऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही. परंतु पहिला पाठ हाच पूर्ण पाठ, असे मानले गेले तर ओढणारा माणूस कायमचा पाठमोरा राहतो.

६

१९४९ नंतर चिनी रस्त्यावर एकट्याने फिरणे हाच राजकीय प्रश्न झाला. १९७२ मध्ये सरकारी निमंत्रणावरून इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अंतोनिओनी याने ‘चुंग कुओ’ हा अनुबोधपट चित्रित केला. त्यात क्रांतीचे मोठे पराक्रम थोडे आणि चेहरे, सायकली, बाजार, चहाघरे जास्त होती. ३० जानेवारी १९७४ रोजी ‘पीपल्स डेली’ने त्याच्यावर प्रखर हल्ला चढवला. नानजिंगचा नवा भव्य पूल खुजा दिसावा अशा कोनातून टिपला, त्याच्याजवळ वाळत घातलेले कपडे दाखवले, बांधलेल्या पायांच्या म्हाताऱ्या दाखवल्या, असे आरोप होते. चीनमध्ये हा चित्रपट जाहीरपणे दाखवला गेला तो २००४ मध्ये. ‘मार्को पोलो होण्याची अडचण’ या आशयाचे शीर्षक देऊन उंबेर्तो एको याने या वादावर लिहिले. पाश्चात्त्य प्रेक्षकाला जो साधेपणा प्रेमाने टिपलेला वाटतो, तोच चिनी प्रेक्षकाला दारिद्र्याची चेष्टा वाटू शकतो, कारण दोघांचे दृश्यसंकेत भिन्न आहेत, हे त्याने दाखवले.

एकोचे विश्लेषण योग्य आहे. तरी ते सत्तेचा भाग बाजूला ठेवते. वाळत घातलेले कपडे दाखवण्यावर आक्षेप घेणारे आणि ते कपडे धुणारे एकच नव्हते. रस्त्याने स्वतःला कसे दाखवावे हे रस्त्यावरच्या माणसाला कोणी विचारले नाही. इटालियन दिग्दर्शकानेही नाही आणि पक्षाच्या वृत्तपत्रानेही नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रोलाँ बार्थ, ‘तेल केल’ या नियतकालिकाच्या गटाबरोबर, चीनला गेला. सोलेर्स आणि क्रिस्तेव्हा त्याच्यासोबत होते. सरकारी यंत्रणेने आखलेला हा दौरा होता: कारखाना, शाळा, चहा, भाषण. परतल्यावर त्याने मे १९७४ मध्ये ‘ल माँद’मध्ये एक लहान लेख लिहिला. त्याच्या टिपणवह्या मात्र मरणोत्तर, २००९ मध्ये, प्रसिद्ध झाल्या. ठरीव वाक्यांच्या वीटांनी रचलेली भाषणे आणि अनपेक्षित असे काहीही न घडणे, याचा कंटाळा त्या वह्यांत पानोपानी आहे. जपानमध्ये चिन्हांचा उत्सव अनुभवलेल्या या समीक्षकाला चीनमध्ये वाचायला काही सापडले नाही. याचे कारण चीनमध्ये चिन्हे नव्हती हे नाही. त्याला गल्लीत चुकू दिले गेले नव्हते. सिद्धान्ताच्या दृष्टीने हा प्रसंग बोधप्रद आहे. एकटेपणा हा प्रवाशाचा मानसिक गुण समजला जातो. प्रत्यक्षात तो एक परवाना असतो. इब्न बतूताने तो असून वापरला नाही, बर्डने त्याची किंमत मोजली आणि बार्थला तो मिळालाच नाही.

७

या साक्षी इतिहासकाराच्या कामी कशा येतात, याचा नमुना म्हणून वांग दी यांच्या छंगतूवरील संशोधनाकडे पाहता येते. १८७० ते १९३० या काळातील छंगतूच्या रस्त्यांचे आणि सामान्य नागरिकांच्या सार्वजनिक जीवनाचे त्यांचे अध्ययन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चहाघरांवरील ग्रंथ २००८ मध्ये आला. वांग दी यांचा जन्म त्याच शहरातला. आपल्याच शहराचा रस्ता लिहिण्यासाठी त्यांना ज्या साधनांकडे जावे लागले ती पाहण्याजोगी आहेत: परदेशी प्रवाशांचे आणि मिशनऱ्यांचे वृत्तांत, पोलिसांचे नियम, स्थानिक वृत्तपत्रे, हौशी विद्वानांची रस्त्यावरची पदे आणि फू छोंगजू याने १९०९ मध्ये केलेली नगराची पाहणी. या पाहणीत ५१६ रस्ते आणि ४५४ चहाघरे मोजलेली आहेत. जवळजवळ दर रस्त्याला एक चहाघर, हे प्रमाण एखाद्या प्रवाशाच्या आश्चर्योद्गारापेक्षा जास्त सांगते. पण फू हा सुधारक होता. मोजणीमागे रस्त्याला वळण लावण्याचा हेतू होता. प्रवाशाची संख्या आणि प्रशासकाची संख्या येथे एकमेकींना भेटतात.

अशा वेळी इतिहासकार काय करतो? तो एका साक्षीची फट दुसऱ्या साक्षीने बुजवत नाही. पोलिसांनी एखाद्या गोष्टीला वारंवार बंदी केली असेल, तर ती गोष्ट चालू होती असे तो मानतो. प्रवाशाला जे विचित्र वाटले, ते रहिवाशाला नित्याचे असणार असे तो मानतो. म्हणजे प्रत्येक मजकूर तो लेखकाच्या हेतूच्या उलट दिशेने वाचतो. ही वाचनपद्धती साहित्यसमीक्षेला नवी नाही. नवा आहे तो तिचा विषय. प्रवासवर्णनाला लालित्याच्या कसोटीवर मोजून दुय्यम ठरवणारी समीक्षा या साहित्यप्रकाराचा अर्धाच भाग वाचते. चीनवरील प्रवासवर्णन म्हणून मीना प्रभू यांचे ‘चिनी माती’ मराठी वाचकाला परिचित आहे. अशा पुस्तकांविषयी लिहिताना शैलीच्या प्रसन्नतेबरोबर आणखी काही प्रश्न विचारले जायला हवेत. लेखकाला रस्त्यावर कोणी नेले? कोणाचे नाव आले आणि कोण नुसता ‘चालक’ किंवा ‘विक्रेती’ राहिली? रस्त्याने लेखकाकडे वळून कोठे पाहिले?

१९९० नंतर आणि विशेषतः २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी पेकिंगमधल्या जुन्या गल्ल्यांचे मोठमोठे पट्टे पाडले गेले. शांघायच्या चाळीवजा वस्त्यांचेही तेच झाले. ज्या परक्यांनी या गल्ल्यांविषयी लिहिले होते, त्यांच्या नोंदी आता तेथल्या जुन्या रहिवाशांच्याही आठवणींच्या आधार झाल्या आहेत. मंग युआनलाओला जे स्वतः आठवावे लागले, ते आज परक्याच्या वहीतून परत मिळू शकते. पण एका मर्यादेपर्यंतच. पूल किती, चौक किती, चहाघरे किती, हे त्या वहीतून कळेल. पुलाखाली बसून बाहुल्या नाचवणाऱ्याचे नाव कळणार नाही. ते लिहून ठेवायला जोउ मीसारखा कोणीतरी लागतो, ज्याने तो खेळ अनेकदा पाहिला होता आणि ज्याला तो पुन्हा पाहायला मिळणार नव्हता.